बेबेचा बैल

एकाहत्तरचं युद्ध थांबल्यावरही आमची कंपनी पंजाबच्या सरहद्दीवर, लढलो तिथेच, राहिली. मी तेव्हा नाईक होतो. समोर, हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, त्यांची चौकी. मधल्या पट्टीत त्यांनी लढाईत पेरलेल्या माइन्स तशाच होत्या.

सकाळी स्टँड-टू, म्हणजे खंदकात सज्ज उभं राहायचं, मग हत्यारं साफ करायची आणि दिवसभर समोर बघत बसायचं. तेही आमच्याकडे बघत बसत. त्यांच्या रेडिओवर आमच्याच सिनेमांची गाणी लागत. आवाज कमी झाला की आमची पोरं ओरडत, "अरे, जोर से!"

एका दुपारी जवळच्या गावातल्या म्हातारीचा बैल दावं तोडून त्या पट्टीत शिरला. तिला सगळे बेबे, म्हणजे आई, म्हणत. मी वायरलेस सेट उचलला.

"अल्फा, माइनफिल्डमध्ये बैल. ओव्हर."

"पुन्हा सांग. कोण? ओव्हर."

"बैल, सर. ओव्हर."

तेवढ्यात बेबेच काठी घेऊन तारेखालून वाकली. मी धावत जाऊन तिला धरलं. तिनं माझ्याच पाठीत काठी घातली. "छोड, पुत्तर! मेरा हल कौन खींचेगा? तू?"

समोरून आवाज आला, "रुक जाओ! आगे माइन है!"

त्यांचा एक हवालदार हात वर करून खंदकाबाहेर उभा होता. आमच्या मशीनगनवाल्यानं नेम धरला.

"होल्ड फायर," कॅप्टनसाहेब म्हणाले.

हवालदार ओरडला, "माइनें मैंने लगाई हैं. रास्ता मैं दिखाऊँगा. बैल कौन पकड़ेगा?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मी चौक गावाजवळच्या भातशेतीतला, बैलांत वाढलेला. म्हटलं, "सर, मी जातो."

दोन्हीकडून पांढरे बनियन काठीला लागले. हवालदार वाट काढत माझ्यापर्यंत आला. तो जिथे पाय टाकी, तिथेच मी टाकला. बैलाजवळ पोचून मी घरच्यासारखं म्हटलं, "हो रं राजा, हो." बैल ढिम्म. हवालदारानं जिभेनं टकटक केलं. बैल वळला.

"इसे पंजाबी आती है," तो म्हणाला. "आपको नहीं."

परतताना बैलानं एकाएकी डावीकडे ओढ घेतली. आम्ही दोघं त्याच्या शिंगांना लटकलो. खूर जमिनीवर टेकायच्या आत तो थांबला. हवालदारानं त्या जागेकडे बोट केलं. खुराखालीच माइन होती. मग आम्हाला जे हसू सुटलं, ते तारेपर्यंत आवरेना. बेबेनं त्याला तिथेच गुळाचा खडा भरवला. बैलाला नव्हे, हवालदाराला.

पुढे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची सरहद्दीवर फ्लॅग मीटिंग झाली. त्यांनी जागा दाखवायच्या, आमच्या सॅपर्सनी माइन्स काढायच्या, असं ठरलं. पट्टी मोकळी झाली. बेबेनं त्या हंगामात तिथपर्यंत नांगर घातला.

शेवटची माइन निघाली तेव्हा हवालदार पट्टीच्या टोकाला उभा होता. आमचा लान्स नाईक गणपत लढाईत तिथेच कामी आला होता. नेरळकडचा, माझ्याबरोबर भरती झालेला. मी नाव सांगितलं. हवालदारानं ते नीट म्हणून पाहिलं. मग म्हणाला, "हमारा रशीद भी यहीं." मीही ते नाव म्हटलं. आम्ही टोप्या काढून थोडा वेळ उभे राहिलो.

रजेवर आलो तेव्हा चौक गावातल्या गॅरेजवाल्यानं विचारलं, "त्येंचं नि आपलं कदी जमंल का रं?"

म्हटलं, "बैलापुरतं तरी जमलं हाय."

मग नेरळला गणपतच्या वडिलांना भेटायला गेलो. पितृपक्ष चालू होता, गणपतचं पान वाढलेलं होतं. मी सगळं सांगितलं, बैलाचंही. म्हातारा बैलाला हसला. मग त्यांनी सुनेला हाक मारली, "आनखी येक पान वाढ गं."

"कुनाचं, मामंजी?"

"त्या रशीदचं. त्येचीबी कुनीतरी वाट बघत आसंल."

दोन्ही पानं त्यांनी स्वतः अंगणात नेऊन शेजारी शेजारी ठेवली. आम्ही ओटीवर बसलो. कावळे आले, आणि दोन्ही पानांना शिवले.