दारामागचा ब्लेझर

आमच्या टेक्ससच्या ऑफिसात मारिसोलच्या केबिनच्या दारामागे एक काळा ब्लेझर टांगलेला असतो. मारिसोल मूळची मेक्सिकोची, आता कंपनीची उपाध्यक्ष. तिच्या समाजातल्या मुली बढतीच्या मुलाखतीला तोच घालून जातात. आज लुसिया निघाली होती. मारिसोल तिला लांब होणारी ब्लेझरची बाही दुमडून टाके घालत होती.

"हलू नकोस गं! आणि तिथं आवाज खाली नको."

बाहीवर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात. त्यांतली काही माझ्या मापाची. मी पुण्याची, त्यांच्यातली नव्हेच; तरी तिनं मलाही असंच समोर उभं केलं होतं. एका ब्लेझरमध्ये किती जणी मावल्या!

लुसिया गेली. मारिसोलनं सुई माझ्या हातात ठेवली.

"मला आता दोरा ओवताना नीट दिसत नाही. पुढचीला तू टाके घाल."