अर्जात नसलेला बांबू

नागपूरला मामांकडे राहून मी मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकले. गोंदियाजवळच्या मुर्रीला, आमच्या गावी, परत आले तेव्हा माझं इंग्रजी घरात कुणाच्या कामाचं नव्हतं. चारचौघांत तर मला कुठल्याच भाषेत बोलता येत नसे.

बाबा धानाच्या गिरणीत मिस्त्री. तांदळातले खडे काढायचं एक यंत्र त्यांनी घरच्या पडवीत तयार केलं होतं. चाक फिरलं की पत्र्याचा उतरता थाळा झटके घेई; तांदूळ पुढे उडे, खडे मागे राहत. गोंदियातले एक गिरणीवाले शेटजी ते दोनदा पाहून गेले. दुसऱ्या खेपेला त्यांच्यासोबत त्यांचा मिस्त्री होता.

"पेटंट मिल गया तो पूछके बनाएंगे," शेटजी हसत म्हणाले. "नहीं मिला तो बिना पूछे."

पेटंटचा अर्ज मी लिहिला. बाबा सांगत, मी इंग्रजीत उतरवत असे. चाक, पट्टा, थाळा, सगळं आलं. काही महिन्यांनी कलकत्त्याहून पेटंट कचेरीचं पत्र आलं : हलत्या थाळ्याची यंत्रं पूर्वीच नोंदलेली आहेत, यात नवीन काही दिसत नाही.

बाबांनी यंत्रावर पोतं टाकलं. "झालं. आता बनवू दे शेटजीले."

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी पोतं काढलं आणि चाक फिरवत बसले. थाळ्याखाली बांबू चिरून केलेल्या चार तिरप्या कमच्या होत्या, चुलीवर धुरी देऊन चिवट केलेल्या. चाक थाळा ओढत होतं. त्याला झटक्यानं परत फेकत होत्या त्या कमच्याच. मी दोन कमच्या सोडवल्या. तांदूळ आणि खडे एकत्रच घरंगळत खाली आले.

अर्जात कमच्यांचा शब्दही नव्हता.

संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, कमच्यांचं का नाही सांगितलंत?"

"लोखंडी स्प्रिंग तुटून राहिली होती, म्हणून लावल्या. साहेबाच्या कागदात बांबू कायले लिहितं? हसतील ना."

चुलीपाशून आई म्हणाली, "बांबूची लाज वाटते! मंग आजवर खडे कायनं काढले? सूप का लोखंडाचं राहते?"

मी म्हटलं, "हसू द्या. मी लिहिते." आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

नव्या अर्जात चाकावर हक्क सांगितला नाही, थाळ्यावरही नाही. फक्त चार कमच्या, त्यांची धुरी आणि त्यांचा तिरपेपणा. आकृती काढताना बाबांनी बांबूची पेरंसुद्धा सोडली नाहीत.

या वेळी कलकत्त्याहून पेटंट दिल्याचा शिक्क्याचा कागद आला. बाबांनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

पंधरा दिवसांत शेटजी आले. त्यांच्या मिस्त्रीनं बनवलेल्या लोखंडी स्प्रिंगच्या यंत्रात तांदूळ तुटून कणी होत होती. "मिस्त्रीजी, आपके बांस की इजाजत चाहिए."

"मले काऊन पुसता? तिले पुसा," बाबा म्हणाले. "कागद तिनं लिवला."

मी दाराआड होते. बाहेर आले. शेटजींकडे बघून म्हटलं, "हर मशीन पर बाबा का नाम लगेगा."

"लगेगा, बेटी."

आज त्यांच्या गिरणीत तशी तीन यंत्रं आहेत. प्रत्येकावर पितळी पट्टी, पट्टीवर बाबांचं नाव, आणि नावाखाली, बाबांच्याच हट्टानं, कोरलेल्या चार कमच्या.