कंट्रोलरसाहेबांची मूठ

घरीसुद्धा काही बोलण्याआधी कंट्रोलरसाहेब उजवी मूठ तोंडाशी धरायचे आणि तिच्यात दोनदा फुंकर मारायचे. फू, फू. मग घसा खाकरून, "प्रवाशांनी लक्ष द्यावे!" समोर प्रवासी म्हणून बहुतेक वेळा एकटी त्यांची बायको असायची, हातात पिशवी घेतलेली. "औरंगपुऱ्याच्या मंडईला जाणाऱ्या बाईंनी कोथिंबीर विसरू नये."

"लई झालं," म्हणत काकू हसत निघायच्या.

तुम्ही आमच्या एसटी स्टँडवर कधी गाडीची वाट पाहिली असेल, तर हा आवाज तुमच्याही कानावरून गेला असेल. वेरूळ, लासूर स्टेशन, सिल्लोड फलाट पाच. तीस वर्षं हेच. मी सिल्लोडच्या गाडीवर कंडक्टर आणि गल्लीत त्यांचा शेजारी. माणसाला नावानं हाक मारणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मी 'सिल्लोडवाले'. माझी बायको बरोबर दिसली की 'सिल्लोडवाले, जादा गाडीसह'.

रिटायर झाल्यावरही पाच-सहा वर्षं हे मजेत चाललं. मग एका उन्हाळ्यात मूठ वर येईनाशी झाली. जेवण कमी झालं. दिवसभर ओट्यावर बसायचे. विचारलं तर, "कशात मन लागत नाय."

रिटायरमेंटचं दुःख उशिरा पोचलं, असं गल्लीनं ठरवून टाकलं. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. साहेबांचं न ऐकता त्या पंधरा दिवस लासूरला बहिणीकडे राहून आल्या होत्या. "माझ्यावरच राग धरलाय त्यांनी," म्हणायच्या. तो राग जावा म्हणून त्यांनी गुरुवारचे उपास धरले.

आम्ही शहाण्यांनीही एक उपाय काढला. गणपतीत मंडळाचा खराखुरा माईक त्यांच्या हातात दिला. "साहेब, सिल्लोडची गाडी लावा!"

फू, फू. सगळी गल्ली दणाणली. "सिल्लोडला जाणारी गाडी फलाट क्रमांक..." पुढे काही येईना. पोरं हसली. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते. ते माईक माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "वेरूळवाले, फलाट सापडत नाय हो."

तीस वर्षांत त्यांनी माझा रूट कधी चुकवला नव्हता. त्याच आठवड्यात काकू आणि मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "म्हातारपणी पहिल्यांदाच अशी उदासी आली, तर वयाचं आहे म्हणून सोडून देऊ नये. सगळ्यांचं असं नसतं, पण काहींच्या मेंदूत अल्झायमरचे बदल आधीच सुरू झालेले असतात, आणि बाहेर आधी दिसते ती उदासी. यांचं तसंच दिसतंय. विसरणं मी थांबवू शकणार नाही. उदासीवर मात्र नक्की इलाज करू."

काकूंनी एवढंच विचारलं, "म्हंजी माझ्यावर राग नाय?"

"नाही हो आजी. तुमचा यात काहीच दोष नाही."

काकू पदरात तोंड घालून रडल्या आणि लगेच भडकल्या. "आन् मी इतके गुरुवार धरले! साबुदाणा खाऊन खाऊन पित्त झालं मला!"

कंट्रोलरसाहेब खुदकन हसले. कित्येक महिन्यांनी.

औषधं सुरू झाली. काकू रोज सकाळी त्यांना फिरवून आणू लागल्या. दिवाळीपर्यंत मूठ पुन्हा तोंडाशी आली. विसरणं होतंच, उलट वाढत होतं. पण चेहरा उजळला. मला तर रोज नवा रूट मिळायचा. सोमवारी पैठणवाले, मंगळवारी जालनावाले. नोकरीत झाल्या नाहीत एवढ्या बदल्या माझ्या त्या ओट्यासमोर झाल्या. काकू म्हणायच्या, "चुकीच्या का व्हईना, गाड्या सुटाया लागल्या." खरं सांगतो, पुढच्या तीन वर्षांत मला ते आधीपेक्षा जास्त आवडू लागले.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. ओटा रिकामा झाला. त्यांच्या घरावरून जाताना माझी पावलं आपोआप हळू पडायची.

परवा मी मुलीकडे सिल्लोडला निघालो. काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या. माझ्या हातातली बॅग पाहून त्यांनी जुडी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि मूठ तोंडाशी धरली. फू, फू.

"सिल्लोडला जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावं. गाडी फलाट पाचवर लागलीय. पोचल्यावर फोन करा."

फलाट बरोबर होता.