भाच्याच्या नावाची भाकरी

सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा देव कडक असतो, त्याचं करताना चुकून चालत नाही, असं आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आले. म्हणून एकोणीस वर्षं दर संकष्टीला जाताना मी कधी चूक केली नाही. दौंडहून सकाळी निघायचं, पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, टेकडीला पूर्ण प्रदक्षिणा घालायची, मधूनच आखूड वाट धरायची नाही. आणि अशा बिनचूक प्रदक्षिणेतच एका दगडावरून माझा पाय घसरला आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. देवाच्या वाटेवर, देवाचं नाव घेता घेता. त्या वेळी मनात काय आलं ते खरं सांगते. हेच द्यायचं होतं तर एकोणीस वर्षं बोलावलंस कशाला, असं आलं.

माझी सगळी नोकरी दौंड स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत गेली. यजमान जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. रेल्वे कॉलनीच्या मागे दोन खोल्यांत एकटी राहते. कुणाकडे कधी वाटीभर साखर मागायला गेले नाही, आणि हा माझा गुण आहे असं मी चारचौघांत सांगतही असे. त्या दिवशी मात्र अनोळखी चार भाविकांनी मला उचलून जीपमध्ये घातलं. दौंडला एक्स-रे निघाला, आणि ऑपरेशन इथे होणार नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मला शिरूरकडच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. अॅम्ब्युलन्समध्ये ड्रायव्हर आणि मी. "सोबत कोण नाही का?" असं त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी झोपल्याचं सोंग घेतलं.

त्या दवाखान्याला वाईट म्हणवत नाही आणि चांगलंही एकदम म्हणवत नाही. पोहोचल्यावर दोन तास मी बोळात स्ट्रेचरवर पडून होते, कारण बरोबर आणलेला एक्स-रे कुणाच्या तरी फायलीत गेला होता. माझ्याआधी तिथे पडलेली एक बाई नुसती रडत होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. पण मग आलेल्या तरुण डॉक्टरांनी खुर्ची ओढून, माझ्या शेजारी बसून, हाड कुठे मोडलंय आणि काय करणार ते कागदावर चित्र काढून समजावलं. समोरच्या खाटेवरच्या बाईंचा गुडघा इथेच बरा झाला होता, त्या दवाखान्याचे गोडवे गाताना थकत नव्हत्या. शेजारच्या खाटेवरच्या, सून सोबत घेऊन आलेल्या म्हाताऱ्या सासूबाईंना डाळीपासून डॉक्टरपर्यंत सगळं पाणचट वाटत होतं. मला दोघींचंही पटायचं. ज्या दिवशी बेडपॅनसाठी अर्धा तास हाका मारत राहिले, त्या दिवशी सासूबाईंचं. ज्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी न सांगता पाणी कोमट करून माझे पाय पुसले, त्या दिवशी समोरच्या बाईंचं.

पण तिथे सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो एक प्रश्न. "अकरा नंबरचं माणूस कुठाय?" औषधाची चिठ्ठी आली की माणूस, रक्त तपासायला न्यायचं की माणूस, सही हवी की माणूस. माझी खाट अकरा नंबरची. पायाला वजन टांगलेलं, कुशीवर वळता येत नव्हतं, आणि दर तासाला कुणीतरी येऊन माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत माझं माणूस शोधायचं. सिस्टर जरा तोंडाळ होत्या, पण त्यांचं चूक नव्हतं. त्या म्हणाल्या, "आजी, बुधवारी भूल देणारे डॉक्टर पुण्याहून येतात. त्या दिवशी राहिलात तर पुढच्या बुधवारपर्यंत असंच पडून राहावं लागेल. पण सोबत माणूस असल्याशिवाय घेत नाहीत. तीस पेशंट आहेत मला, हात दोनच आहेत." डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, या वयात आठवडाभर असं पडून राहणं बरं नव्हे. छातीत कफ धरतो, पाठीला जखमा होतात, मग पुन्हा पायावर उभं राहणं अवघड होतं.

भावाचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, सध्या लाइनला माणसं कमी आहेत. सुट्टीचं बघतो." 'बघतो' म्हणजे काय हे न कळायला मी काही लहान नाही. तरी सिस्टर समोर उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "भाचा निघालाय. वाटेत आहे." चौकशीच्या खिडकीत बसून आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं, ते सरावाने सहज बाहेर पडलं. तिथे निदान गाडी तरी खरी असायची.

शेजारच्या सासूबाईंच्या सोबतीला त्यांची सून होती, मंगल. तळेगाव ढमढेऱ्याची, चाळिशीतली, बोलकी. दिवसभर मोबाइल मोठ्याने लावायची, सासूशी भांडायची, सासूचे केस विंचरायची, पुन्हा भांडायची. पहिल्या दिवशी मला तिचा इतका वैताग आला की मी सिस्टरकडे खाट बदलून मागितली होती. दुपारी तिच्या घरून जीपवाल्याच्या हाती डबा यायचा. भाचा वाटेत आहे हे तिने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिने डबा उघडला, दोन भाकरी आणि थोडं पिठलं फडक्यात बांधलं आणि माझ्या खाटेशेजारच्या कपाटावर ठेवलं.

"भाचं येतील तवा उपाशी आसतील. परवासातनं आलेलं मानूस, ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी तिने ते गाठोडं उघडलं. "न्हाई आलं जणू. आता हे शिळं व्हायचं. तुमीच खावा, आत्या." आणि मी खाल्लं. दवाखान्याच्या जेवणाने पोट भरत नव्हतं हे खरं, पण त्या भाकरीला घराचा वास होता आणि माझ्या घरात असा वास येऊन किती वर्षं झाली ते मला आठवेना. सोमवारी पुन्हा तसंच. भाच्याची भाकरी, संध्याकाळी माझ्या ताटात. मी रोज तिला सांगायची, "अगं, आज अडकला असेल, उद्या नक्की." ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनीच खोड, पण दुसऱ्याच्या घरचं अन्न खोटं बोलून खाण्याइतकी ती खाली घसरेल असं वाटलं नव्हतं.

सगळ्यात वाईट वेळ चार ते सहाची, भेटायला येणाऱ्यांची. वॉर्ड माणसांनी भरून जायचा. कुणी केळी आणायचं, कुणी देवाचा अंगारा, आणि बसायला जागा कमी पडली की कुणीतरी म्हणायचं, "तिकडं बसा की, तिथं कोण न्हाई." तिथं म्हणजे माझ्या खाटेच्या कडेला. रविवार-सोमवार, दोन्ही दिवस मी डोळे मिटून पडून राहिले आणि माझ्या पायापाशी अनोळखी लोक बसून दुसऱ्याच पेशंटशी बोलत राहिले. नोकरीत रोज हजारो माणसं माझ्या खिडकीशी यायची. त्यातलं एकही माझं नव्हतं, हे मला तिथे पडून कळलं.

मी देवाकडे भाचा मागत होते. अगदी हट्टाने. मोदक बोलले, एकवीस संकष्ट्या निर्जळी करीन म्हणाले. मंगळवारी दुपारी भाच्याचा फोन आला. या आठवड्यात जमत नाही, पुढच्या आठवड्यात नक्की येतो, पाठवायला काही हवंय का. मी म्हटलं, "काही नको रे, इथे सगळं आहे." फोन ठेवल्यावर सिस्टर आल्या. "आजी, उद्याची यादी पाच वाजता बंद होते. माणूस आलं नाही तर तुमचं नाव मला काढावं लागेल." एरवी ओरडणाऱ्या सिस्टर हे हळू आवाजात म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

मग मी देवाशी भांडले. नंतर भांडायलाही काही उरलं नाही. आढ्याकडे बघत एवढंच म्हटलं, की बाबा, माझं काही चालत नाही, तू काय ते कर. एकोणीस वर्षांत असं मी कधी म्हटलं नव्हतं. दर वेळी माझ्याकडे यादी असायची आणि तू ती पुरी कर असं असायचं. त्या दिवशी यादी संपली होती.

तेवढ्यात मंगल फडक्यातली भाकरी घेऊन आली आणि कपाटावर ठेवायला लागली. मी तिचा हात धरला.

"मंगल, ठेवू नकोस. तो येणार नाही. तो निघालाच नव्हता. माझं कुणी नाही गं."

हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. बोलले आणि रडायला लागले. मला वाटलं आता ती हात सोडवून घेईल. ती खाली टेकली आणि पदराने माझं तोंड पुसलं.

"ठावं हाय मला, आत्या."

"कधीपासून?"

"पैल्या दिशीच की. वाटंतल्या मानसाला आपुन धा येळा फोन करतो. कुटवर आला, काय खाल्लं का. तुमी येकदाबी केला न्हाई."

"मग रोज त्याच्या नावाने भाकरी का ठेवत होतीस?"

ती हसली. "तुमच्या नावानं दिली आसती, तर घेतली आसती का तुमी?"

माझा मान राखायला ती तीन दिवस एका न आलेल्या माणसाला जेवू घालत होती, आणि मी तिला फसवतेय असं समजत होते.

शेजारच्या खाटेवरून सासूबाईंचा आवाज आला, "काय झालं गं?" मंगलने सगळं सांगितलं, तेही वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. लाजेने मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. सासूबाई म्हणाल्या, "मग बसलीस काय? जा, सई कर जा. आन् तुमी ऐका वो बाई, सून माजी हाय. वापरा, पर परत द्या." सगळा वॉर्ड हसला, आणि सिद्धटेकच्या वाटेवर पडल्यापासून पहिल्यांदा मीही हसले.

मंगल सिस्टरपुढे जाऊन उभी राहिली. "अकरा नंबरचं मानूस मी हाय." सिस्टरनी आधी मान हलवली, असं चालत नाही म्हणाल्या, मग डॉक्टर बऱ्याच वेळाने मोकळे झाल्यावर स्वतःच त्यांना विचारायला गेल्या. डॉक्टर म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहेत, त्यांची सही त्यांनीच करायची, सोबत थांबायला या बाई तयार असतील तर साक्षीदार म्हणून यांची घ्या. माझी सही मी पडल्या पडल्या केली. मंगलने टेबलाशी उभं राहून आपला रकाना भरला. पाचला दहा मिनिटं कमी होती. मग तिने फणी आणली आणि माझ्या डोक्यातली चार दिवसांची गुंतवळ सोडवत बसली. त्या दिवशी भेटीच्या उरलेल्या वेळेत मी डोळे मिटले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. वॉर्डात परत आणलं तेव्हा मंगल दोन खाटांच्या मधे बसली होती, एक हात सासूच्या पायावर ठेवून, आणि मोबाइल मोठ्याने लावलेला होता. दोन दिवसांनी सासूबाईंना घरी सोडलं. जाताना मी मंगलच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचे दिवस फिजिओथेरपीच्या मुलीने धीर देऊन वॉकर धरून चालवलं, आणि एका ड्रेसिंगवाल्याने मात्र रागारागात पट्टी ओढून डोळ्यांत पाणी आणलं. दवाखाना शेवटपर्यंत तसाच राहिला, एका हाताने सावरणारा आणि दुसऱ्याने ढकलणारा. घरी सोडायच्या दिवशी भाचा खरंच आला, ओशाळलेला. सिस्टर त्याला बघून म्हणाल्या, "हेच का ते वाटेतले?" त्याला काही कळलं नाही. मी त्याला काही सांगितलं नाही आणि माझ्या मनात त्याच्यावर रागही राहिला नाही.

घर होतं तसंच होतं, दोन खोल्या आणि मी. एकटेपण गेलं असं खोटं सांगणार नाही. दिवेलागणीला ते येतंच. पण देव माझं ऐकत नाही असं आता म्हणवत नाही. मी भाचाच पाठव म्हणून अडून बसले होते आणि त्याने पाठवलेलं माणूस तीन दिवस माझ्या हाताच्या अंतरावर वावरत होतं. मी माझी मूठ उघडली नव्हती, एवढंच.

घरी आल्यावर देवापुढे बसून दवाखान्याची फाइल उघडली, गोळ्यांच्या वेळा बघायला. त्यात तो सह्यांचा कागद होता. खाली मंगलची ठळक, शाळकरी अक्षरातली सही. सहीच्या वर छापलेलं होतं, 'रुग्णाशी नाते'. माझी समजूत होती की तिने बहीण लिहिलं असेल, किंवा भाची. माझ्यासाठी ती तेवढं खोटं सहज बोलली असती. पण कागदावर तिने खोटं लिहिलं नव्हतं. त्या रकान्यात लिहिलं होतं: शेजारच्या खाटेची सून.