पेशंटनी दिलेले मार्क

आवाजाच्या ओपीडीत किस्से आपोआप साठतात. ज्याचा घसा बसलाय, त्यालाच सगळ्यात जास्त बोलायचं असतं! २०१७ साली डहाणूच्या एका दवाखान्यात आम्ही दोघी थेरपिस्ट होतो, मी आणि सोनल. पर्मनंट जागा मात्र एकच. थेरपी संपली की पेशंटने स्वतः प्रश्नावली भरायची, आवाजाचा त्रास किती कमी झाला म्हणून. ज्या थेरपिस्टच्या पेशंटना जास्त फरक वाटेल तिला जागा, असं डॉक्टरसाहेबांनी सांगून टाकलं. तेव्हापासून सोनलचं साधं हसणंही माझ्या डोळ्यांत खुपायला लागलं.

*

अच्छाडचा एक ढाबेवाला माझ्याकडे होता. ट्रकच्या गोंगाटात ओरडून ऑर्डरी सांगायचा, त्यात घसा कामातून गेलेला. मी त्याला न ओरडता बोलायला शिकवलं. आवाज छान मोकळा झाला. प्रश्नावलीत मात्र 'काही फरक नाही'!

विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही ओरडू नको म्हणालात, म्हणून मी घंटा बसवली. आता बोलावंच लागत नाही. फरक कळणार कुठून?"

वर सोनलने त्याला चहा पाजला. मुद्दाम, दुसरं काय!

*

सोनलकडे गंजाडचे एक गुरुजी यायचे. थेरपीनंतरही आवाज फाटकाच, मला बाहेरच्या बाकावरून ऐकू येत होतं. तरी तिला पैकीच्या पैकी! मला राहवेना. गुरुजींना गाठून विचारलंच, खरंच एवढा फरक पडला का?

"आवाज आहे तसाच आहे हो," गुरुजी म्हणाले. "पण पोरगी मेहनती आहे. नापास कसं करायचं?"

माझा नुसता जळफळाट झाला. मी काय मेहनत करत नव्हते? असे गुरुजी नेमके तिच्याच वाट्याला कसे येतात, देव जाणे.

*

आणि जमनाबाई. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायच्या. माझ्याकडे आल्या तेव्हा तोंडातून नुसती हवा निघत होती. पुष्कळ खपले मी त्यांच्यावर. आवाज परत आला. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, सगळे बरे झाले की तुझं काय गं बाय? मी हसत म्हटलं, काय होणार, मला घरी पाठवतील. त्या तडक उठल्या. बाहेर जाऊन नर्सकडून प्रश्नावलीत सगळीकडे 'त्रास तसाच' लिहवून आल्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरसाहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. जमनाबाईंची उत्तरं माझ्यापुढे ठेवून म्हणाले, एवढे महिने थेरपी आणि काहीच फरक नाही? सोनल खाली मान घालून बसली होती, पण ही मनातून हसतेय याची मला खात्री होती. जागा गेलीच होती.

तेवढ्यात खाली गेटवर वॉचमनने कुणाला तरी अडवलं. औषधांच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, वॉर्डातलं एक तान्हं पोर दचकून रडायला लागलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, खिडक्या बंद होत्या, तरी शब्द न् शब्द ऐकू आला.

"डॉक्टरसाहेब, माझ्या बायला काढू नका! माझा आवाज अजून बसलेलाच आहे!"