एकाच मापाचे ब्लाउज

दर भाऊबिजेला भाऊ आम्हा दोघी बहिणींना सारखी साडी घ्यायचा आणि ब्लाउज पौडच्या टेलरकडून एकाच मापावर शिवून आणायचा. लग्नं झाली, पोरं झाली, तरी माप एकच. आईला त्याचं भारी कौतुक.

मग मला गाठ निघाली. कॅन्सर म्हणाले, उशीर नको म्हणाले, डावं स्तन काढलं, वरून किरणांचे शेक दिले. ते परत बनवता येतं हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं मला सुचलं नाही. मी आपली कापडाची पिशवी शिवली, सालासकट भात भरला आणि ब्लाउजच्या आत टाचली. वजन बरोबर बसायचं.

पुढं तोच आजार धाकटीला झाला. ती हिंजवडीत राहायची, कंपनीत कामाला. तिच्या डॉक्टरांनी स्तन काढलं आणि त्याच ऑपरेशनात तिच्याच पोटाचं मांस घेऊन नवं बसवलं. भेटायला गेले तर म्हणते, पोटसुद्धा सपाट झालं बघ. माझा नुसता जळफळाट झाला. बहीण वाचली याचा आनंद होता, नव्हता असं नाही. पण त्या भाऊबिजेला तिचा ब्लाउज चापूनचोपून बसला, आणि माझा डावीकडं वेडावाकडा. एका आईच्या पोटच्या, मग हिलाच का? ओवाळताना माझं भावाकडं लक्षच नव्हतं.

पुढच्या भातलावणीत तर हद्दच झाली. दिवसभर पावसात वाकून पिशवी भिजायची, रात्री मी ती चुलीपाशी ठेवायची, सकाळी दमटच परत घालायची. दरवर्षी बियाणं भिजवून मोड आणणारी बाई मी, पण डोक्यात आलं नाही. एका दुपारी बांधावर भाकरी खायला बसलो आणि ब्लाउजच्या काठातून कोंब डोकावला. बायका म्हणाल्या, छातीवरच रोप टाकलंस की काय. मीही हसले, आणि घरी जाऊन गोठ्यात रडले. दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन केला, मला तुझ्या डॉक्टरकडं ने.

डॉक्टरांनी नीट समजावलं. सिलिकॉन आत बसवता येतं, पण शेक दिलेल्या अंगात ते त्रास देऊ शकतं. पोटाचं घ्यावं, तर राबून राबून माझ्या पोटावर मांसच नव्हतं. पाठीचा स्नायू पुढं आणता येईल, पण काही महिने ओझं उचलायचं नाही. किंवा काहीच न करता ब्रामध्ये घालायचा तयार पॅड मिळतो.

"हिच्या पोटाचं मला चालंल का?" मी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. ज्याचं त्यालाच लागतं, म्हणाले. बाहेर बसा, विचार करून सांगा.

बाहेर बाकावर मी बहिणीला तोडूनच बोलले, "तुला काय, तुझं समदं झालंय."

तिनं इकडंतिकडं पाहिलं, माझा हात ओढणीखाली नेला आणि त्या बाजूवर ठेवला. एरवी शहरी बोलणारी ती, तेव्हा गावचंच बोलली. "कसं लागतंय, तूच सांग. मला काय बी कळत न्हाई. लेकरू बिलगलं तरी त्या अंगाला कळत न्हाई."

हाताला मऊ लागलं, गरम लागलं.

"पयल्यावानीच हाय गं," मी म्हणाले. ती माझ्या खांद्यावर रडली.

तरीसुद्धा मला ते हवंच होतं. तिचे डोळे पुसले, आत गेले आणि डॉक्टरांना सांगितलं, पाठीचं घ्या, पण भाताची कापणी उरकल्यावर.