दाजी आणि वरच्या आळीचं पाणी

आमच्या गावात सूर्य उगवायला कुणाची परवानगी लागत नसे, पण नळाला पाणी यायचं तर ते आधी माझ्या साडूंच्या मनात यावं लागे. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि आमचं ऐकून ऐकून निम्मं गाव त्यांना दाजीच म्हणतं. गाव फलटण आणि लोणंदच्या मधलं. एस.टी. थांबावी एवढं मोठं, आणि शेजारच्या घरात आज कसली आमटी झाली ते कळावं एवढं लहान. सोमवार-गुरुवार खालच्या आळीला पाणी, मंगळवार-शुक्रवार पेठेला आणि बुधवार-शनिवार आमच्या वरच्या आळीला. हे वार सरकारने ठरवलेले असतील, पण दाजींच्या बोलण्यातून ऐकलं की ते विश्वाच्या आरंभापासून चालत आलेत असं वाटायचं.

खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी, शर्टाच्या खिशात नळाचे चार-पाच वायसर, आणि नजर कायम रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणांवर, असा हा गृहस्थ तीस वर्षं गावातून फिरला. समोरून कोण येतंय हे त्यांना दिसत नसे; मात्र कुणी झाकणावर मोटारसायकल लावलेली शंभर पावलांवरून दिसे. घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. आमच्याकडे बारशाला कधी येणार विचारलं तर म्हणत, "खालची आळी बंद केली की येतो," आणि बायकोने निरोप द्यायला फोन केला तर, "टाकी अर्धी झाली की सांग, आता न्हाई." स्वतःची नातवंडं कितवीत आहेत हे त्यांना सांगता येत नाही. पण मारुतीच्या देवळामागचा व्हॉल्व्ह साडेअकरा आटे सोडायचा आणि दवाखान्यापुढचा सहाच, कारण सातव्याला पेठेतल्या शेवटच्या चार घरांचं पाणी ओढलं जातं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं त्यांच्या मनगटात होतं.

पाण्यावरून त्यांना माणसं कळत. एकदा पेठेतून आम्ही दोघं चाललो होतो तर एका घरापुढे थांबून म्हणाले, "गुरुजी, ह्यांची लेक बाळंतपणाला आलीया." मी विचारलं, कुणी सांगितलं? "सांगायला कशाला पायजे? दोन पाळ्या झाल्या, हे घर लय वढतंय." मी शाळामास्तर, असल्या गोष्टीला पुरावा लागतो म्हणून मुद्दाम चौकशी केली. लेक खरंच आली होती, आणि घरच्यांनी ते अजून बाहेर कुणाला सांगितलेलंही नव्हतं!

त्यांचं लग्न आमच्या सासूबाईंनी शेवटपर्यंत विसरू दिलं नाही. मुहूर्त साडेअकराचा. दाजींनी बदलीच्या माणसाला व्हॉल्व्हचं सगळं नीट सांगून ठेवलं होतं, पण मांडवात बसल्या बसल्या त्यांना रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज आला. मुंडावळ्या बांधलेला नवरा उठला, कुणाची तरी सायकल घेतली आणि निघून गेला. अक्षता हातात घेऊन सगळे उभे, आणि नवरदेव चेंबरमध्ये कमरेपर्यंत. "जावई आमचा पाण्यात सापडला," असं सासूबाई पुढे प्रत्येक पाहुण्याला सांगत. पोरीला पाणी सोडणाऱ्याच्या घरी दिली याची त्यांना आधी खंत होती. मग उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन वणवण करताना दिसल्या तशी ती खंत कमी कमी होत गेली. सासूबाई राहायला आमच्याकडे, वरच्या आळीला. दाजी आले की त्या म्हणायच्या, "या जावईबापू, आज आमचा वार हाय न्हवं?"

एकदा त्यांच्या मुलीने त्यांना आठ दिवसांसाठी सांगलीला नेलं. तिच्या फ्लॅटमध्ये नळाला दिवसभर पाणी. दाजी दर अर्ध्या तासाने जाऊन तोटी फिरवून बघत. पाणी येतंय हे बघून त्यांना बरं वाटायच्या ऐवजी ते उदास होत गेले. "येळ न्हाई, वार न्हाई, वाट बघणं न्हाई. ह्या गावात माणसं एकमेकाला कवा भेटतात गं?" असं त्यांनी पोरीला विचारलं आणि तिसऱ्या दिवशी परत आले.

तर असे हे दाजी, आणि मग सरकारचा कागद आला. नगरपंचायतीचं पाणी, आसपासच्या दहा-बारा खेड्यांच्या योजना आणि सगळी गटारं असं सगळं एकत्र करून एक नवं मंडळ झालं होतं. कारभार साताऱ्यातून, पडद्यावर बघून चालणार होता. व्हॉल्व्हना मोटारी बसणार होत्या. दाजींना 'समन्वय सहायक' असं पद मिळालं आणि आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची मिळाली. दुःख खुर्चीचं नव्हतं. तिच्या शेजारचं टेबल गटारखात्याच्या मुकादमाचं होतं! नळाची पाइप आणि गटार यांच्यात अंतर ठेवण्यासाठी दाजींनी जन्मभर भांडणं केलेली. "पिण्याचं आन् सांडपाण्याचं एका टेबलावर? उद्या ह्ये एका हंड्यात भरा म्हणतील," असं म्हणून त्यांनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि पंधरा दिवस भिंतीशी समन्वय साधला.

मंडळाने गावात एक इंजिनीअर बाई पाठवल्या. सांगलीकडच्या, शेतकरी जैन घरातल्या, तिशीच्या आतल्या. दाजींच्या मनगटातलं सगळं काढून तक्त्यात भरायचं काम त्यांच्याकडे होतं. मला वाटलं, आता महाभारत होणार. पण झालं उलटंच. बाई पहिल्याच दिवशी चपला काढून चेंबरमध्ये उतरल्या आणि स्वतःच्या हाताने आटे मोजले. दाजी घरी येऊन म्हणाले, "पोरगी चिखलाला भीत न्हाई." आठ दिवस दोघं गावभर हिंडली. त्या 'काका, काका' करत विचारत होत्या आणि दाजी, कधी नव्हे ते, सांगत होते.

अडलं ते शेवटच्या पानावर. सगळे व्हॉल्व्ह झाल्यावर दाजी म्हणाले, "आता लिवा. मयत झालं तर वार बघायचा न्हाई."

गावात कुणी गेलं की पाहुण्यांच्या आधी निरोप दाजींच्या घरी जाई. प्रेताला आंघोळ घालायची असते, मातीहून परतलेल्या माणसांना आंघोळी करायच्या असतात, आणि माणूस काही आपल्या आळीचा वार बघून जात नाही. दाजी जेवत असले तरी ताट सारून उठत आणि त्या आळीला पाणी सोडत. ज्याने त्यांच्याविरुद्ध अर्ज करून त्यांना नोटीस लावली होती, तो माणूस एकदा दारात येऊन नुसता उभा राहिला. त्याची आई गेली होती. दाजींनी काही विचारलं नाही, चावी उचलली. "तोंड बघितलं की कळतं, गुरुजी," असं मला नंतर म्हणाले. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं, आणि तीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "काका, ह्याला तक्त्यात कॉलम नाही."

"मग काढा की एक."

"कॉलम साताऱ्यातनं येतात काका."

दाजींनी सही केली नाही. तीन दिवस तक्ता तसाच. चौथ्या दिवशी त्यांनी शेऱ्याच्या जागेत आपल्या गोल गोल अक्षरात ते वाक्य स्वतः लिहिलं आणि खाली सही ठोकली. साताऱ्याहून तक्ता परत आला: शेरा कोरा ठेवावा, नव्या प्रतीवर सही घ्यावी. बाईंचा चेहरा पडला होता. दाजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने नव्या प्रतीवर सही केली. चावी जमा केली. घरी आल्यावर मेहुणीने जेवायला वाढलं तर म्हणाले, "भूक न्हाई. मी सगळं दिलं, आन् जे द्यायचं हुतं तेवढंच र्‍हायलं."

त्यानंतर चार महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, आमच्या सासूबाई गेल्या. वय झालं होतं, जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. आमचा वार शनिवार. घरात दोन हंडे आणि तळाला गेलेली टाकी. मी मंडळाच्या नंबरावर फोन लावला. एका गोड आवाजाने माझी तक्रार नोंदवून घेतली आणि दोन कामकाजाच्या दिवसांत निवारण होईल असं सांगून माझे आभार मानले.

दाजी आणि मेहुणी आले. मेहुणी रडत आत गेली. दाजी अंगणातच थांबले, नळाकडे बघत. त्यांच्या खांद्यावर काही नव्हतं आणि हाताचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. "गुरुजी, मयताला मी पयल्यांदाच रिकामा आलो," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं, "दाजी, बाईंना फोन करा. तुमचा शब्द त्या मोडायच्या नाहीत."

त्यांनी फोन काढला, हातात धरला आणि परत खिशात ठेवला. "गावासाठी मागितलं तवा कॉलम न्हवता. आता माझ्या सासूसाठी कुठल्या तोंडानं मागू? ती नवी नोकरीवाली पोर, तिला कशाला गोत्यात आणू?" असं म्हणून ते पायरीवर बसले. मी त्यांना इतकं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं. मला त्या मंडळाचा, त्या गोड आवाजाचा आणि सगळ्या तक्त्यांचा इतका राग आला की मीच चप्पल घालून, कळशी उचलून विहिरीकडे निघालो.

फाटकापर्यंत पोचलो नसेन, तोच नळाने श्वास घेतला. आधी नुसती हवा, मग दोन गुळण्या, मग धार. दाजी उठून नळाशी गेले आणि धारेखाली हात धरून उभे राहिले. "आधी पेठ बंद केली," ते पुटपुटले. "मग ह्या आळीचा सोडला. सावकाश, चार चार आटे. हातानं केलंय, मोटारीनं न्हवं." मग आतल्या बायकांना हाक मारून म्हणाले, "आवं, भरा! पाणी आलं, भरून घ्या!" आणि तिथेच भिंतीला टेकून पोरासारखे रडले.

नंतर कळलं ते असं. समोरच्या घरातला माणूस सवयीने, कुणी न सांगता, पाणी सोडणाऱ्याकडे गेला होता. आता पाणी सोडणाऱ्या म्हणजे बाई. "आमच्या आळीत म्हातारी गेली," एवढंच तो म्हणाला. कोण म्हातारी, कुणाची सासू, हे बाईंनी विचारलंसुद्धा नाही. जेवणाचा डबा उघडा टाकून त्या निघाल्या. वार नसताना पाणी का सोडलं, याचा साताऱ्याने त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला आणि त्यांनी तो एका ओळीत दिला: मयत झाले होते.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी दाजी मला म्हणाले, "गुरुजी, जरा हाफिसात चला माझ्यासंगं." धुतलेला शर्ट घातला होता, टोपी घातली होती. मंडळ झाल्यापासून त्यांना इतकं नीटनेटकं बघितलं नव्हतं. वाटेत काय बोलायचं ते बहुतेक मनात घोकत होते, कारण ओठ हलत होते. बाई उठून उभ्या राहिल्या, "बसा काका," म्हणाल्या. दाजी बसले नाहीत. त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. बाईंनी बघितलं आणि त्यांचेही डोळे भरून आले. "राहू द्या काका," त्या म्हणाल्या. मुकादमाने तेवढ्यात तीन चहा मागवले. आम्ही ते उभ्याउभ्याच प्यायलो आणि निघालो.

रस्त्याला लागल्यावर दाजी बोलले. "गुरुजी, तीस वर्सांत येवढी मयतं झाली. त्याबद्दल एका मानसानं माझ्याजवळ कवा शब्द काढला न्हाई. मला वाटायचं, गाव कोरडं हाय. मनात लय सलायचं." चार पावलं गेल्यावर म्हणाले, "तसं नसतंय. बोलायला जावं तर येतच न्हाई."

मीही त्या गावातलाच. माझे वडील गेले तेव्हा गुरुवार होता, खालच्या आळीचा वार, आणि तरी आमच्या नळाला पाणी होतं, आणि इतक्या वर्षांत मी दाजींना त्याबद्दल काही बोललो नव्हतो. तेव्हा ते मनातून फार वर आलं. दाजींच्या बाजूने चालत चालत मी दोनदा घसा खाकरला, आणि घर येईपर्यंत आम्ही दोघं गप्पच चाललो.